भाजलेल्या मातीतले आप्पा

३ नोव्हेंबर, सोमवार

हिरेमठ मॅडमनी बोलावलं म्हणून कॉलेज सुटल्यावर त्यांच्या गॅलरीत गेलो. तिथं चहा कागदी कपात देतात आणि त्याला मेणाचा वास येतो. दोन घोट घेऊन कप खिडकीत ठेवायला गेलो, तर तिथं आधीचाच एक कप, त्यात माशी मरून पडलेली. बेळगावात कलेची अवस्था ही अशी.

मॅडमना डिसेंबरात प्रदर्शन करायचं आहे. मला वाटलं, अखेर माझं एकट्याचं. धुक्याची मालिका तयारच आहे. आंबोली, चोर्ला, जांबोटी, सगळीकडचं धुकं. त्यात झाड नाही, डोंगर नाही, माणूस तर नाहीच. नुसता रंग आणि ओल. पण मॅडम म्हणाल्या, "सर, तुमचं धुकं आणि तुमच्या सिस्टरची माती. दोन्ही एका हॉलमध्ये. लई मस्त होतंय बघा."

मला आधी कळेचना. पूर्णिमानं, माझ्या धाकट्या बहिणीनं, निपाणीहून त्यांना स्वतःच्या शिल्पांचे फोटो पाठवले होते आणि मला एका शब्दानं सांगितलं नव्हतं. ती तिथल्या एका शाळेत चित्रकला शिकवते. कोल्हापूरला शिल्पकलेचा डिप्लोमा केला त्याला जमाना झाला. पुढं गणपतीच्या मूर्ती रंगवण्यापलीकडे तिनं काही केल्याचं मला माहीत नाही.

"कसली शिल्पं?" मी विचारलं.

"एका म्हाताऱ्याची सगळी. तुम्ही बघितला नाही?"

"बघितलीत," म्हणालो. बहिणीचं काम भावानं बघितलं नाही, हे परक्या बाईला कशाला सांगायचं?

एकट्याचं हवं असेल तर पुढच्या वर्षी बघू, असं त्या हसत हसत म्हणाल्या. हसताना त्यांच्या दाताला लागलेली लिपस्टिक दिसली. मी हो म्हणून टाकलं आणि बाहेर आलो. एक तारखेच्या, कर्नाटक राज्योत्सवाच्या लाल-पिवळ्या पताका अजून रस्त्यात लोंबत होत्या, चिखलात माखलेल्या.

९ नोव्हेंबर, रविवार

निपाणीला जाऊन आलो. आल्यापासून दोनदा अंघोळ केली.

आप्पा गेल्यानंतर मी त्या घरी गेलोच नव्हतो. गाडीची काच खाली केली तसा तंबाखूचा खाट आत आला आणि शिंका सुरू झाल्या. गल्लीच्या तोंडाशी कोपरा न् कोपरा पिचकाऱ्यांनी रंगलेला. आप्पा आयुष्यभर वखारीत मुकादम होते, पण घरी आले की आधी मोरीत जाणार, अंगावरची तंबाखू धुऊन काढणार, मगच पांढरा सदरा घालून सोप्यात बसणार. इस्त्रीची घडी मोडलेला सदरा त्यांच्या अंगावर मी कधी बघितला नाही. आप्पा म्हणजे स्वच्छता. ते माझ्यात त्यांच्याकडूनच आलं आहे.

पूर्णिमा मागच्या पडवीत होती. कोपरापर्यंत चिखल, पदर खोचलेला, केसांतही माती. "आलास व्हय अण्णा? बस. हात धुवून येतो," म्हणाली. शिक्षिका झाली तरी आमच्याकडच्या बायकांसारखी 'मी येतो, मी करतो' असंच बोलते. आणि मग तिनं गोणपाटं काढली.

सगळे आप्पाच.

धडधाकट आप्पा नव्हेत. शेवटचे. लकवा झाल्यानंतरचे. एका मूर्तीत तोंड उघडं, चमच्याची वाट बघणारं, ओठाच्या डाव्या कोपऱ्यातून लाळ ओघळलेली. तिनं ती लाळसुद्धा मातीत केली आहे. एकीत कुशीवर झोपलेले, पाठीवर जखमा. एकीत नुसते पाय, सुजलेले, नखं वाढलेली. आणि सगळ्यांत मोठी, माणसाच्या पाऊणपट: मोरीतल्या दगडावर बसलेले उघडेबंब आप्पा, मांड्यांवर ओला पंचा, हनुवटी छातीवर पडलेली, पोटाच्या वळ्या एकीवर एक. काखेखाली दुसऱ्या कुणाचे तरी दोन हात, मनगटापर्यंतच. त्या हातांचं माणूस केलेलंच नाही. शिल्प म्हणूनही ते अपुरंच आहे.

तोंडावर रुमाल धरला. तसाच अंगणात गेलो.

ती मागोमाग आली. "काय झालं रं?"

"हे लोकांना दाखवणार तू? हे?"

"का? आप्पाच हायत की."

"आप्पा असे नव्हते, पूर्णे. पांढरा सदरा घालून बसायचे ते. वखारीतल्या बाया त्यांच्यासमोर आवाज चढवत नव्हत्या. तसे कर की!"

तिनं हातावरची वाळलेली माती खरवडली. "तसं करून बघितलो. हुईना. शेवटची चार वर्षंच हातांच्या ध्यानात हायत."

असली वाक्यं तिला कुठून सुचतात कुणास ठाऊक. जेवायला थांबलो नाही. तिनं भाकरी थापायला घेतली होती, पण नखांत माती दिसत होती. चुलतीकडं जायचंय, म्हणून सांगितलं आणि निघालो. संकेश्वरच्या पुढं गाडी थांबवून पाणी प्यायलो.

११ नोव्हेंबर, मंगळवार

ब्रश उचलवत नाही. पांढरा लावला की तो मला पुवासारखा दिसतो. रविवारचा शर्ट बायकोला, राजेश्वरीला, दुसऱ्यांदा धुवायला सांगितला, तर ती हुंगून म्हणाली, "कसला वास येत नाही हो."

तिला मूर्तींचं सांगितलं. वाटलं होतं, तीही शी म्हणेल. ती म्हणाली, "पाठीवर जखमा केल्यात? डाव्या बाजूला ना? पूर्णाताई रोज हळद-तूप लावायच्या तिथं."

राजेश्वरी अधूनमधून बसनं निपाणीला जायची. मला नाही जमायचं. जूनमध्ये ॲडमिशन, ऑक्टोबरात परीक्षा, पावसाळ्यात विद्यार्थ्यांची आंबोलीची सहल. ती तर माझ्यावाचून होतच नाही. शिवाय आजाऱ्याच्या खोलीत चार माणसांनी गर्दी करू नये, असं डॉक्टरही म्हणतात. मी पैसे पाठवत होतो. फोन करत होतो. त्यांचं बोलणं नंतर कळेनासं झालं, नुसता घरघर आवाज यायचा. मग फोनचाही उपयोग नव्हता.

"तुम्हाला खरंच ठाऊक नव्हतं, आप्पांचं असं झालं होतं ते?" राजेश्वरीनं विचारलं.

शर्ट मीच बादलीत टाकला.

१७ नोव्हेंबर, सोमवार

मॅडमना भेटून स्पष्ट सांगितलं, मोरीतली मूर्ती तेवढी वगळा. बाकीची कशीबशी चालवून घेऊ. त्या म्हणाल्या, "सर, त्याच्यासाठीच तर शो करालोय आम्ही." मी म्हटलं, त्यात सौंदर्य कुठं आहे? त्यांनी फोनमधला फोटो दोन बोटांनी मोठा करून माझ्यापुढं धरला. आप्पांचं पोट तेवढं दिसत होतं. मी चष्मा काढून पुसत बसलो.

मग पूर्णिमाला फोन केला. म्हटलं, निदान हे आपले वडील आहेत असं कुठं सांगू नकोस. कॅटलॉगमध्ये नुसतं 'वृद्ध एक', 'वृद्ध दोन'. माझे सहकारी येणार, विद्यार्थी येणार. उद्या वर्गात कुणी फिदीफिदी हसलं तर?

तिच्यामागं कुठंतरी कुत्रं भुंकत होतं. मग ती म्हणाली, "नावाचं काय न्हाय अण्णा. नको घालू."

सुटलो. आता कुणाला काही कळायचं कारण नाही.

४ डिसेंबर, गुरुवार

मांडणीचा दिवस. मूर्ती टेम्पोतून आल्या, त्याही आप्पांच्या जुन्या धोतरांत आणि गोधड्यांत गुंडाळलेल्या. गोधड्यांवरचे डाग मला लांबूनही ओळखू आले. हमालांनी गोधड्या सोडून हॉलच्या मधोमध टाकल्या. तासभर तिथंच पडल्या होत्या. मला नाकाला रुमाल लावून भिंतीवर चित्रं टांगावी लागली.

दुपारी डबा खाऊन आलो तर मॅडमनी मोरीतली मूर्ती माझ्या सगळ्यांत मोठ्या चित्रापुढं बसवली होती. तीन हिवाळे राबलोय मी त्या चित्रावर. आंबोलीच्या कड्यावरून पहाटे दिसलेलं धुकं, पांढऱ्याच्या असंख्य छटा. आता ते चित्र राहिलंच नाही. मोरीतून निघालेली वाफ झाली आहे ती! आप्पांना अंघोळ घालण्याच्या कढत पाण्याची वाफ.

मी ओरडलोच. "मॅडम, चित्राचा पडदा केलात तुम्ही!"

"हौद्री सर," त्यांनी कानडीत होकार भरला आणि म्हणाल्या, "आता कुठं तुमच्या धुक्यात माणूस आला बघा."

पूर्णिमा कोपऱ्यात बसून एका मूर्तीच्या पायावरची धूळ ब्रशनं झाडत होती. बोटांच्या बेचक्यांतली सुद्धा. मला बघवेना. हॉल सोडून बाहेर रसवंतीवर जाऊन बसलो, तर तिथं माश्या.

५ डिसेंबर, शुक्रवार

उद्घाटन झालं. नारळ, समई, शाल. पाहुणे कुठल्याशा सहकारी बँकेचे चेअरमन होते. त्यांनी माझ्या चित्रांना 'सुंदर सीनरी' म्हटलं आणि घाम पुसलेल्या हातानं माझा हात हलवला. बटाटेवडे तेलकट. लोक वडे खातच मूर्तींभोवती फिरत होते. एक मुलगी आप्पांच्या उघड्या तोंडाशी स्वतःचं तोंड नेऊन फोटो काढून घेत होती. कुणाला काही वाटत नाही.

माझी चित्रं कुणी बघितली नाहीत असं नाही. बघितली. पण मूर्तीभोवती फेरी मारता मारता, पाठीमागं काय आहे एवढंच.

आमच्या विभागातला एक तरुण प्राध्यापक वडा धरलेल्या हातानं मोरीतल्या मूर्तीकडं बोट करून म्हणाला, "ओंगळ आहे सर, पण नजर हटत नाही. कोण हो हे म्हातारं? तुमच्या सिस्टरकडं मॉडेल म्हणून बसायचं का?"

"मला माहीत नाही," मी म्हणालो. "असेल कुणीतरी वखारीतलं."

मागं वळलो तर पूर्णिमा चहाचा ट्रे घेऊन उभी. कोऱ्या साडीत ती मला ओळखूच आली नव्हती. तिनं प्राध्यापकाला चहा दिला, मला दिला. साखर बरोबर माझ्या चवीची होती. तिनं ऐकलं असावं. ऐकलं तर ऐकलं. नावं घालायची नाहीत, हे आमचं ठरलंच होतं.

घरी येऊन वडे ओकून टाकले. तेलच खराब होतं.

७ डिसेंबर, रविवार

सगळं उघड्यावर आलं.

दुपारी हॉलमध्ये चांगली मंडळी होती. आमचे प्राचार्य सहकुटुंब आले होते आणि मी त्यांना अमूर्त चित्र कसं बघावं ते सांगत होतो. तेवढ्यात दारात कालवा झाला. निपाणीहून बसनं पाचसहा बायका आल्या होत्या, वखारीतल्या, नऊवारी, पायांत रबरी चपला, तोंडात तंबाखू. पूर्णिमानं बोलावलं असणार. म्होरकी होती बायाक्का. आप्पांच्या हाताखाली उभं आयुष्य जर्दा चाळलेली, त्यांना अण्णा म्हणणारी बाई. लहानपणी मला खाऊ द्यायची; त्या खाऊलाही तंबाखूचा वास असायचा.

ती मूर्तीसमोर येऊन थांबली आणि केवढ्यानं ओरडली! "अगं बया! सुबरावअण्णा न्हवं ह्ये?"

अख्खा हॉल वळला.

"गार पडला असंल की गं अण्णा," म्हणत ती पुढं झाली. पदराचं टोक बोटाला गुंडाळलं आणि मूर्तीची हनुवटी पुसली. कोरड्या मातीची हनुवटी! मग दुसरी पुढं झाली, तिनं पायाला हात लावून कपाळाला लावला. मग सगळ्याच. कुणी गुडघा दाबतंय, कुणी पाठीवरून हात फिरवतंय. 'मूर्तींना स्पर्श करू नये' अशी पाटी मीच इंग्रजीत लावली होती. मॅडम नुसत्या बघत उभ्या.

मी प्राचार्यांना बाजूला न्यायला लागलो, तोवर बायाक्कानं मला गाठलं. दोन्ही हातांनी माझा चेहरा धरला. तिची बोटं पिवळी, खरखरीत. तोंडाचा उग्र वास थेट माझ्या नाकात.

"नागू न्हवं तू? थोरला? अण्णा लई वाट बघायचा रं तुझी. बोलाय येत नव्हतं, तरीबी मोटारीचा आवाज आला की मान वळवायचा. 'ना, ना' करायचा. आमास्नी वाटायचं, नको म्हणतोय. पूर्णी सांगायची, नागू म्हणालाय."

प्राचार्यांच्या पत्नींनी माझ्याकडं बघितलं. ते बघणं मी विसरणार नाही.

संडासात जाऊन दार लावून बसलो. तिथं फरशीवर पाणी साचलेलं, बादलीचा कान तुटलेला. तरी बायका जाईपर्यंत बाहेर आलो नाही.

८ डिसेंबर, सोमवार

आज जे केलं ते आप्पांसाठी केलं. हे लिहून ठेवतो, कारण उद्या कुणी काहीबाही म्हणेल.

सोमवारी गॅलरी बंद असते. सकाळी वॉचमनला सांगितलं, एक मूर्ती दुरुस्तीला न्यायची आहे. तो मदतीला येत होता, मी नको म्हटलं. मोरीतल्या आप्पांना एकट्यानंच उचललं. आतून पोकळ आहेत तरी वजन भयंकर. पोटाला मिठी मारून, मान दुसरीकडं फिरवून कसेबसे मागच्या सीटवर घातले. आडवे ठेवले तर तोंड थेट वर, माझ्याकडं. म्हणून बसते केले. हलू नयेत म्हणून पट्टा लावला. उघडं अंग रस्त्यानं कुणाला दिसायला नको, म्हणून उद्घाटनात मिळालेली शाल डोक्यावरून पायापर्यंत लपेटली. शर्टावर लाल भुकटी. किळस येत होती, तरी केलं.

कुठं नेणार हे ठरलं नव्हतं. काकती मागं पडली तेव्हा हिरण्यकेशीचा पूल डोक्यात होता. पुलावर थांबायचं, दोन मिनिटांचं काम. विसर्जन म्हणतात त्याला. त्यात वावगं काही नाही. आरशात शाल दिसत होती. मी आरसा फिरवला.

हत्तरगीच्या टोलनाक्यावर फास्टॅग लागेना. मुलगी केबिनमधून वाकून बाहेर आली, मागं बघितलं आणि म्हणाली, "काका, अज्जास्नी वारं लागालंय. मागची काच घ्या की वर."

मी बटण दाबून काच वर घेतली.

का घेतली, सांगता येत नाही. मागून हॉर्न वाजत होते, घाई होती. पण त्यानंतर पुलावर गाडी थांबली नाही. पुलावर थांबायला बंदी आहे, अशी पाटी होती बहुतेक. सरळ निपाणीला गेलो.

पूर्णिमा आजारपणाची रजा टाकून घरीच होती. दारात गाडी बघून बाहेर आली. मी म्हणालो, "हे इथं ठेव. घरात ठेव, कुठंही ठेव. तिथं नको." आणि दार उघडून मूर्ती ओढायला लागलो. पट्टा काढायचा राहिला होता. मूर्ती कलली, डावा हात दारावर आपटला आणि दोन बोटं तुटून रस्त्यावर पडली.

ती ओरडली नाही. बोटं उचलून पदरात बांधली. मग म्हणाली, "असं न्हवं धरायचं, अण्णा. सरक."

"मी करतो."

"तुला येत न्हाय. काखेत हात घाल. त्या हातांवरच हात ठेव तुझं, तेवढ्यासाठीच केलेत मी ते. डोकं तुझ्या छातीवर येऊ दे. येऊ दे म्हणतो न्हवं! मान लोंबती त्यांची. आता गुडघं वाकवून उठ."

उठलो. आप्पांचं डोकं माझ्या हनुवटीखाली आलं. गार, खरबरीत. भाजलेल्या मातीचा वास. तसाच उंबऱ्यापर्यंत चालत गेलो. धूळ गेली असावी, डोळ्यांतून सारखं पाणी येत होतं आणि दोन्ही हात गुंतलेले असल्यामुळं पुसता येत नव्हतं.

सोप्यात त्यांना टेकवलं, तेव्हा ती माझ्यासमोर उभी राहिली. पूर्णिमा भांडणारी नव्हे. तिचा आवाज एवढा चढलेला मी पहिल्यांदाच ऐकला.

"परवा त्या मास्तराला 'माहीत न्हाय' म्हणालास. ऐकलो मी. चार वर्षं ह्या दारात गाडी थांबायची वाट बघितली त्यांनी. आज थांबली. आणि तू काय कराय आलास? त्यांना लपवाय!"

"अब्रूचा प्रश्न होता, पूर्णे. उघडं अंग... लोक हसतात."

"कोण हासलं? नाव सांग. बायाक्का हासली?"

मला नाव आठवेना.

"मला घाण वाटत नव्हती म्हणतोस व्हय? रोज वाटायची. पयल्या पावसाळ्यात तर जेवण जात नव्हतं मला. सकाळी परत मोरीत न्यायचंच. घाण वाटली म्हणून माणूस बिनअंघोळीचं ठेवतंय व्हय कुणी?" ती दम खायला थांबली. "परत न्हे त्यांना. मी येत न्हाय संगती. तूच न्यायचं, तूच बसवायचं."

तिनं कपाटातून डिंकासारखं काहीतरी काढून बोटं चिकटवली. वाळेपर्यंत थांबावं लागलं. तिनं भाकरी आणि वांग्याची भाजी पुढं ठेवली. खाल्ली. भाजीत मीठ जास्त होतं.

परत निघताना मी उचलायला गेलो, तशी ती नुसती बघत उभी राहिली. एकदाही 'असं न्हवं' म्हणाली नाही.

१४ डिसेंबर, रविवार

प्रदर्शन संपलं. बोटांचे जोड दिसतात, पण कुणी विचारलं नाही.

आज दुपारी खानापूरकडं मोठं रिसॉर्ट काढणारा एक इसम आला. गळ्यात जाड साखळी, अत्तराचा असा भपका की शेजारचा माणूस गुदमरावा. त्याला मोरीतली मूर्ती आणि मागचं धुकं, दोन्ही एकत्र हवं होतं. त्याच्या स्पाच्या दारात ठेवायला. "काय कॉम्बिनेशन आहे साहेब! बाथ आणि स्टीम!" असं म्हणत त्यानं अंगठीच्या बोटानं आप्पांच्या पोटावर ठकठक वाजवून बघितलं. "पोकळ आहे का?"

माझं पहिलं मोठं चित्र विकलं जात होतं. मॅडम मला मागून खुणावत होत्या. इतकी वर्षं मी याच माणसाची वाट बघितली. हाच नसेल, पण असाच कुणीतरी. आणि त्याची ती अंगठी पोटावर वाजली तशी मला शिसारी आली.

पूर्णिमा शांत होती. "द्या की," ती म्हणाली. "इकतो मी."

मी तिला ओढत खिडकीशी नेलं. "वेडी झालीस? आप्पांना स्पाच्या दारात ठेवणार? तिथं ओले टॉवेल घेऊन लोक फिरणार. कुणी त्यांच्या खांद्यावर टॉवेल टाकील!"

"अण्णा, माती हाय ती."

"तूच म्हणालीस ना, आप्पा आहेत म्हणून?"

"करत हुतो तवर आप्पा हुतं. झालं की माती." तिनं माझा शर्ट धरलेला हात हळूच सोडवला. "मला परसात स्वतःची भट्टी बांधायचीय. कुंभाराच्या मागं किती लागू? आता मला दुसरं कराय पायजे. हसणाऱ्या बाया करणाराय मी. बायाक्काला बसवणाराय. माझं चार वर्षं करून झालंय, अण्णा. पुरं झालंय."

इतकी कोरडी असेल असं वाटलं नव्हतं. ज्या बाईनं मोरीतल्या पाण्यासकट बाप घडवला, ती त्याला उभ्या उभ्या विकायला निघाली. मी मॅडमकडं गेलो आणि सांगितलं, चित्र देत नाही आणि मूर्तीही देत नाही. तो इसम दोन्ही एकदम नसतील तर नकोत म्हणाला आणि अत्तर मागं ठेवून निघून गेला. मॅडम चार दिवस माझ्याशी बोलायच्या नाहीत.

पूर्णिमा चिडली. "मूर्ती माझी हाय! तू कोण नको म्हणणारा?"

"मी घेतो," म्हणालो. "जे त्यानं दिलं असतं ते मी देतो. तुझी भट्टी होईल."

"तू? न्हेऊन कुठं ठेवशील?"

"स्टुडिओत. खिडकीजवळ नको, ऊन येतं. आतल्या भिंतीशी. धुळीचंच काय ते बघावं लागेल, पायाच्या बोटांत धूळ फार बसते. ओल्या फडक्यानं पुसलं तर चालतं का गं? का नुसत्या ब्रशनं?"

तिचा राग कुठं गेला कळलं नाही. मग एकदम हसली, डोळे पुसले आणि म्हणाली,

"तुझं आत्ता सुरू झालंय व्हय, अण्णा?"

काय सुरू झालं, ते तिनं सांगितलं नाही. मी दोनदा विचारलं. ती गोधड्यांच्या घड्या घालत बसली.